धूळ, धूर आणि मुरूम: कोकणातल्या संवेदनशील त्वचेची निगा

खेड आणि चिपळूणच्या दरम्यान एका बाजारपेठेत माझे औषधांचे दुकान आहे. पाऊस संपून रस्ते कोरडे झाले, की दुकानात येणाऱ्या तरुण मुला-मुलींची एक मागणी हमखास वाढते: चेहरा ‘आतून स्वच्छ’ करणारा खरखरीत स्क्रब किंवा तेल पूर्ण काढून टाकणारा फेसवॉश. महामार्गावरची धूळ, चिरेखाणींचा लाल धुरळा आणि औद्योगिक वसाहतीच्या बाजूने येणारा उग्र वास यांमुळे मुरूम वाढले, असे ते सांगतात. त्यांची तक्रार खोटी नसते, कारण हवेतील प्रदूषणाचा मुरमांशी संबंध आहे. परंतु त्यावर ते जो उपाय करतात, त्याने अनेकदा प्रदूषणापेक्षाही जास्त नुकसान होते. आधीच चुरचुरणाऱ्या त्वचेला घासून तिचे उरलेसुरले संरक्षण काढून टाकू नये, हीच गोष्ट मला या लेखात नीट उलगडून सांगायची आहे.

त्वचेत नेमके काय घडते

मुरूम तयार होण्यामागे चार गोष्टी असतात: तैलग्रंथींतून जास्त तेल स्रवणे, रोमरंध्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बुजणे, तेथे राहणाऱ्या क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जिवाणूची वाढ होणे आणि दाह. यांचे मूळ बहुतेक वेळा संप्रेरकांत आणि आनुवंशिकतेत असते. प्रदूषण त्यात भर घालते, आणि ही भर कशी पडते हे समजले तर पुढच्या पायऱ्यांचा अर्थही लागतो.

आपल्या त्वचेच्या तेलात स्क्वालीन नावाचा एक घटक असतो. ओझोन वायू, धुरातील कण आणि सूर्याची अतिनील किरणे यांच्या संपर्काने स्क्वालीनचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे साठवणीतले तेल खवट व्हावे तसा त्यात बदल घडतो. हे बदललेले स्क्वालीन रोमरंध्रे बुजवते आणि दाह वाढवते. तेलासोबत त्वचेवर येणारे ई जीवनसत्त्व हा बदल रोखण्याचे काम करते, परंतु प्रदूषित हवेत तेच लवकर खर्ची पडते. लाकूड, डिझेल किंवा कचरा जळताना निघणाऱ्या धुरात काही कर्बयुक्त रसायने असतात. ती तेलात सहज विरघळत असल्यामुळे त्वचेवर टिकून राहतात आणि पेशींमध्ये दाहाची साखळी सुरू करतात. शिवाय सूक्ष्म धूलिकणांमुळे त्वचेच्या बाहेरील थरातील फिलॅग्रिनसारखी प्रथिने कमी होतात, त्यामुळे त्वचेतील पाणी उडून जाते आणि एरवी न झोंबणारी साधी क्रीमसुद्धा झोंबू लागते. ज्यांना मुरूम आहेत आणि त्वचाही संवेदनशील आहे, त्यांची अडचण इथेच असते, कारण त्यांच्या चेहऱ्यावर तेल जास्त असूनही संरक्षक थर मात्र दुबळा असतो.

मेक्सिको सिटी या प्रदूषित महानगरातील आणि त्यामानाने स्वच्छ हवेच्या कुएर्नावाका शहरातील लोकांच्या त्वचेची तुलना केली, तेव्हा महानगरातील लोकांमध्ये तेलाचे प्रमाण जास्त आणि त्या तेलातील ई जीवनसत्त्व व स्क्वालीन कमी आढळले. बीजिंगमध्ये बाह्यरुग्ण विभागातील नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा सूक्ष्म धूलिकण आणि नायट्रोजन डायऑक्साइड वाढल्यावर मुरमांसाठी येणाऱ्यांची संख्याही वाढलेली दिसली. गंमत म्हणजे सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत तसे दिसले नाही. म्हणून ‘हवा वाईट, म्हणून मुरूम’ असे सरसकट विधान मी करणार नाही. असे अभ्यास संबंध दाखवतात, प्रत्येक चेहऱ्याचे कारण सांगत नाहीत.

आपल्या हवेत काय असते

कोकण म्हणजे स्वच्छ हवा, या समजुतीने आपण गाफील राहतो. पावसाळ्यात ती खरीही असते, कारण जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो. पण नंतरच्या आठ महिन्यांचे चित्र वेगळे असते. थंडीत पहाटे दऱ्याखोऱ्यांत गार हवा तळाशी अडकून बसते आणि तिच्यात न्हाणीच्या चुलींचा धूर साचतो. फेब्रुवारीपासून राब भाजणे (पालापाचोळा पसरून जाळणे, जमीन भाजणे) सुरू होते, डोंगरावर वणवे लागतात, आणि त्याच सुमारास काजू भाजण्याचा हंगाम असतो. काजूच्या टरफलातला चीक त्वचा भाजून काढतो हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. टरफले जाळल्यावर निघणारा धूरही चेहऱ्याला तितकाच झोंबतो. त्यात रस्तारुंदीकरणाची धूळ, जांभ्याच्या खाणींचा धुरळा आणि महाड, रोहा-धाटाव, लोटे-परशुराम अशा रासायनिक उद्योगांच्या पट्ट्यांतील वायू यांची भर पडते.

दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे किनाऱ्यावरची हवा हलती ठेवतात, तर रात्री मतलई वारे जमिनीकडची हवा समुद्राकडे वाहून नेतात. म्हणजे किनाऱ्यालगतच्या गावांनाही आतल्या खोऱ्यांतला धूर पहाटे भोगावा लागू शकतो. या सगळ्याला दमटपणाची जोड मिळते. घामट चेहऱ्यावर धूळ नुसती बसत नाही, ती चिकटते. खाऱ्या हवेने मुरूम सुकतात असे मला पुष्कळ जण सांगतात, परंतु सोललेल्या त्वचेवर वाळलेले मीठ चुरचुर वाढवते, एवढेच मी पाहिले आहे.

हवेचा अंदाज घेण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप वापरता येते. त्यातील निर्देशांक ० ते ५० असेल तर हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे वाईट समजली जाते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी २४ तासांची भारतीय मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा केवळ १५ आहे. म्हणून ‘समाधानकारक’ हा शब्द संवेदनशील त्वचेसाठी फारसा दिलासा देणारा नाही. मुंबई परिसर सोडला तर कोकणात मोजमाप केंद्रे विरळ आहेत, त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांवर विसंबावे. रोज दिसणारा समोरचा डोंगर सकाळी धुरकट दिसत असेल, किंवा अंगणातल्या जास्वंदीची पाने धुळीने लाल झाली असतील, तर तो दिवस सांभाळण्याचा आहे.

पहिली पायरी: आठ आठवड्यांची वही

कोणतेही उत्पादन विकत घेण्यापूर्वी एक साधी वही करावी. रोज रात्री चार-पाच शब्दांत दिवस नोंदवावा: कोठे होतो, धूळ किंवा धूर किती लागला, चेहरा किती वेळा धुतला, नवे काही लावले का, आणि त्वचेने काय सांगितले. शेवटच्या नोंदीत चुरचुर, खाज किंवा लाली वेगळी लिहावी आणि नवीन मुरूम वेगळे लिहावेत. हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण चुरचुर काही मिनिटांत किंवा तासांत येते, परंतु बुजलेल्या रोमरंध्राचा डोळ्यांना दिसणारा मुरूम होण्यास काही आठवडे लागू शकतात. काल रस्त्यावर धूळ खाल्ली म्हणून आज मुरूम आला, हा हिशेब त्यामुळे बहुधा चुकतो. मुलींनी आणि स्त्रियांनी पाळीची तारीखही लिहावी. दर महिन्याला पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर मुरूम येत असतील, तर दोष हवेपेक्षा संप्रेरकांकडे अधिक जातो.

कोकणातल्या माणसाला आणखी एक तपासणी फुकट मिळते, ती म्हणजे पावसाळा. मृगाचा पाऊस स्थिरावल्यानंतर दोन महिन्यांनीही मुरूम तितकेच असतील, तर धूळ-धूर हे मुख्य कारण नाही असे समजावे. पावसाळ्यात उलट वाढ होत असेल, आणि कपाळावर, पाठीवर, छातीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील, तर ते मुरूम नसून मॅलासेझिया या बुरशीमुळे रोमरंध्रांना झालेला दाह असू शकतो. दमट हवेत तो पुष्कळ दिसतो आणि मुरमांसाठीच्या प्रतिजैविक गोळ्यांनी वाढतोसुद्धा. त्याची औषधे वेगळी असतात, म्हणून अशा वेळी स्वतः प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

दुसरी पायरी: घरातून निघण्यापूर्वी

सकाळी चेहरा कोमट किंवा साध्या पाण्याने धुवावा. न्हाणीतले कढत पाणी अंगाला कितीही सुखकारक वाटले, तरी चेहऱ्याला लावू नये. त्वचा अगदीच ओढल्यासारखी वाटत असेल, तर सकाळी केवळ पाणी पुरते. तेलकट असेल तर सौम्य, सुगंधविरहित, साबण नसलेला क्लीन्झर वापरावा. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल, साधारण ४.५ ते ५.५ सामूचा (पीएच) असतो, तर नेहमीच्या अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. साबणाने धुतल्यानंतर गाल ताणल्यासारखे वाटतात, ते स्वच्छतेचे लक्षण नाही.

त्यानंतर त्वचा थोडी ओलसर असतानाच हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर लावावे. चेहरा तेलकट आहे, मग मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संरक्षक थर दुरुस्त असेल तर धुरातील रसायनांना आत शिरायला वाट कमी मिळते. सेरामाइड, ग्लिसरीन किंवा ४ ते ५ टक्के नायसिनामाइड असलेले उत्पादन पाहावे. नायसिनामाइडचे प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर काहींची त्वचा लाल होते, म्हणून मोठा आकडा पाहून भुलू नये.

उन्हाळी दिवसांत किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन आवश्यक आहे, कारण ऊन आणि प्रदूषण मिळून स्क्वालीनचे जे नुकसान करतात ते एकेकट्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा अधिक असते. आपल्या सावळ्या त्वचेवर मुरूम गेल्यानंतर उरणारे काळे डागही उन्हाने गडद होतात. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर काढलेल्या दोन रेघा चेहरा आणि मानेसाठी पुरतात. डोळ्यांना किंवा गालांना झोंबत असेल, तर झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन निवडावे. घाम पुसल्यावर ते निघून जाते, म्हणून दुपारी पुन्हा लावण्याची तयारी ठेवावी.

दुचाकीवर जाणाऱ्यांनी सुती रुमाल किंवा ओढणी सैल बांधावी. त्याने सूक्ष्म कण थांबत नाहीत, परंतु जांभ्याची जाड धूळ नक्की थांबते. रुमाल रोज धुतलेलाच घ्यावा. कालचा घामट रुमाल पुन्हा तोंडावर बांधणे म्हणजे काढलेली धूळ परत चोळणे होय. हेल्मेटचा पट्टा आणि आतले अस्तर आठवड्यातून एकदा धुवावे, कारण घर्षण आणि घाम यांमुळे हनुवटीवर व कानशिलांवर मुरूम वाढतात.

तिसरी पायरी: परत आल्यावर

या पायरीवर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडे थांबून लिहिते.

घरी पोहोचल्यावर आधी हात धुवावेत. नंतर चेहऱ्यावर नुसत्या पाण्याचे आठ-दहा सपके मारून धूळ ओघळू द्यावी. कोरड्या टॉवेलाने किंवा पुसणीने लाल धूळ पुसू नये, कारण ती कणीदार असते आणि दाबून पुसल्यास सूक्ष्म ओरखडे पडतात. धूळ निघाली, की क्लीन्झर हातावर फेसून बोटांच्या पेरांनी अर्धा-एक मिनिट हळुवार फिरवावा आणि भरपूर पाण्याने धुवावे. नाकाच्या कडा, भुवयांच्या वरचा भाग, जबड्याची रेघ आणि केसांची कड येथे मळ राहतो, तेथे लक्ष द्यावे. शेवटी स्वच्छ सुती कापडाने टिपावे, घासू नये.

दिवसातून दोन वेळा क्लीन्झर पुरे. फार घाम आला तर तिसऱ्या वेळी केवळ पाणी वापरावे. माझ्याकडे एक मुलगी येत असे, जी काजूच्या कारखान्यातून परतल्यावर दिवसाला पाच वेळा फेसवॉश लावत होती आणि तरीही चेहरा ‘साफ’ होत नाही म्हणून अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब मागत होती. तिचे गाल सोलवटले होते. मी तिला स्क्रब विकला नाही. पाचाचे दोन करायला सांगितले आणि एक साधे मॉइश्चरायझर दिले. तीन आठवड्यांनी ती आली, तेव्हा मुरूम गेले नव्हते, परंतु चुरचुर थांबली होती, आणि त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले औषध तिला सोसू लागले.

याच कारणाने डाळीच्या पिठाचे उटणे, मुलतानी माती, लिंबाचा रस, टूथपेस्ट यांपैकी काहीही मुरूम असलेल्या संवेदनशील चेहऱ्यावर लावू नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे पट्टे पडतात. खोबरेल तेलाबद्दल लिहिताना मला माहीत आहे की अनेकांना वाईट वाटेल. आपले बालपण त्याच तेलात गेले. केसांना आणि अंगाला ते उत्तमच, पण मुरूम असलेल्या चेहऱ्यावर ते रोमरंध्रे बुजवू शकते, शिवाय त्यावर धूळही पक्की बसते. केसांना तेल लावायचे असल्यास रात्री लावून सकाळी धुवावे आणि कपाळावर ओघळू देऊ नये. टाचांच्या भेगांसाठी मुठेल (कोकमाच्या बियांचे घट्ट तेल) वापरतो, ते टाचांपुरतेच ठेवावे.

चौथी पायरी: घरातला धूर

बाहेरची हवा आपल्या हातात नाही, घरातली बरीचशी आहे. डास पळवणारी अगरबत्ती, म्हणजे कॉइल, हा घरातील धुराचा सर्वांत दुर्लक्षित स्रोत आहे. एका पाहणीत अशी एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे आढळले. खिडक्या बंद करून उशाशी कॉइल लावून झोपणे म्हणजे रात्रभर चेहऱ्याला धुरी देणे आहे. त्याऐवजी मच्छरदाणी बांधावी; मुलाबाळांच्या छातीलाही तेच बरे. न्हाणीची चूल पेटवणाऱ्या व्यक्तीने केस बांधून, वारा येतो त्या बाजूला पाठ करून बसावे, ओली लाकडे टाळावीत आणि पालापाचोळ्यासोबत प्लास्टिक कधीही जाळू नये. गणपतीत माजघरात धूप-उदबत्ती पेटती असताना समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत. शिमग्याच्या होमाजवळून आल्यावर त्याच रात्री चेहरा धुवावा. रंग खेळण्यापूर्वी मॉइश्चरायझरचा जाडसर थर दिल्यास गुलाल सहज निघतो. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलावा.

पाचवी पायरी: औषध, एका वेळी एकच

वरील चार पायऱ्या दोन-तीन आठवडे पाळून चुरचुर शमली, की मगच मुरमांच्या औषधाकडे वळावे. सोललेल्या त्वचेवर औषध लावले तर ते सोसत नाही, आणि मग औषधच वाईट असे वाटते. ॲडापॅलीन ०.१ टक्के जेल रोमरंध्रे बुजू देत नाही. ते आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू करावे, संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे लावावे, आणि त्वचा फार नाजूक असल्यास आधी मॉइश्चरायझर लावावे. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांपासून सुरू करावे. त्याने टॉवेल आणि अभ्रे विटतात, म्हणून पांढरे वापरावेत. ॲझेलिक आम्ल त्यामानाने सौम्य असून डागांवरही उपयोगी पडते. गरोदर असलेल्या किंवा तशी शक्यता असलेल्या स्त्रियांनी ॲडापॅलीन टाळावे, आणि आयसोट्रेटिनॉइनची गोळी तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कधीही घेऊ नये, कारण तिने गर्भात गंभीर व्यंग होऊ शकते. फरक दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. दर पंधरवड्याला ट्यूब बदलणाऱ्याला कोणत्याच औषधाचा गुण कळत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोरेपणासाठी किंवा ‘मुरमांवर हमखास’ म्हणून हातोहात दिल्या जाणाऱ्या मिश्र क्रीमची. त्यांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे स्टेरॉइड असते. पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळ आणि शांत दिसतो, नंतर त्वचा पातळ होते, ऊन आणि धूर अजिबात सोसत नाही, चेहऱ्यावर बारीक केस व लाल रेषा दिसू लागतात आणि क्रीम थांबवताच मुरूम दुपटीने उसळतात. स्टेरॉइडच्या अशा क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम असूनही त्या विकल्या जातात. ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेली घटकांची नावे वाचा, आणि या तिन्हींपैकी एकही नाव दिसले तर ती क्रीम चेहऱ्यावर लावू नका. आधीच वापरत असाल, तर एकदम सोडण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.

गाठीसारखे दुखरे मुरूम, खड्डे पडणे, स्त्रियांमध्ये अनियमित पाळी किंवा हनुवटीवर वाढणारे केस, अथवा तीन महिने नीट काळजी घेऊनही फरक न पडणे, यांपैकी काहीही असेल तर वेळ दवडू नये. तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून एखाद्याच दिवशी येत असतील, तर जाताना आठ आठवड्यांची वही आणि वापरलेल्या सर्व ट्यूब, अगदी रिकाम्याही, पिशवीत घालून न्याव्यात. ‘ती पांढरी, निळ्या झाकणाची’ एवढ्या वर्णनावरून कोणत्याही डॉक्टरांना तुम्ही काय लावत होता हे ओळखता येत नाही.